पगार वाढला, ईएसआय गेली

एप्रिल जवळ आला की लासुर्णे, कळंब, जंक्शनवरून बारामती नाहीतर लोणी देवकरच्या एमआयडीसीत जाणाऱ्या पोरांचं एकच गणित सुरू होतं, यंदा वाढ किती? त्यासोबत अजून एक आकडा बघा. २१,०००.

महिन्याचा पगार याच्या वर गेला की माणूस ईएसआयच्या बाहेर. वाढ १ एप्रिलपासून लागली तर लगेच, मध्येच लागली तर ती सहामाही संपल्यावर. ही मर्यादा १ जानेवारी २०१७ ची आहे. त्यानंतर तेल, डाळ, डॉक्टरची फी सगळं वाढलं, हा आकडा तिथंच. २०१९ मध्ये वर्गणी मात्र साडेसहा टक्क्यांवरून चार टक्क्यांवर आणली. ते बरोबर जमलं सरकारला!

२१,००० पगारावर कामगाराचे जेमतेम १५८ रुपये कापले जातात, कंपनीचे ६८३ च्या आसपास. त्यात बायको, मुलं, अवलंबून असलेले आईबाप सगळ्यांचे उपचार, खर्चाला वरची मर्यादा नाही. आजारपणात ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार. ईएसआयला नावं मीही ठेवतो. मोठ्या उपचाराला बिबवेवाडी गाठायची म्हणजे इथून दिवस मोडतो. पण ५०० रुपये वाढले म्हणून हे सगळं काढून घ्यायचं, हा कुठला न्याय?

मग येते कंपनीची ग्रुप मेडिक्लेम. (जिथं आहे तिथं!) तिचा हप्ता मागच्या वर्षीच्या क्लेमवर ठरतो. क्लेम वाढले की हप्ता वाढतो आणि मॅनेजमेंट कात्री लावते. आधी आईबाप बाहेर, किंवा त्यांचा हप्ता आपल्या पगारातून. मग को-पे. मग खोलीभाड्याची मर्यादा, आणि ही सगळ्यात फसवी. मर्यादा ३,००० आणि खोली ६,००० ची घेतली तर फक्त वरचे ३,००० जात नाहीत. बऱ्याच पॉलिसींत डॉक्टरची फी, ऑपरेशनचं बिल सगळंच त्या प्रमाणात अर्धं होतं. हे डिस्चार्जच्या दिवशी कळतं.

वर सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य केला, ग्रुप पॉलिसीवर १८ टक्के तसाच. म्हणजे स्वतःची पॉलिसी काढू शकतो त्याला सूट, कंपनीच्या भरवशावर आहे त्याला नाही.

छोटे वर्कशॉपवाले म्हणतील, मर्यादा वाढली तर आम्ही मेलो. अहो, सव्वातीन टक्के हा ठरलेला खर्च आहे. मेडिक्लेमचा हप्ता पुढच्या वर्षी किती होईल हे कोणाला सांगता येतं का? शेठ वालचंदांनी इथल्या माळावर कारखान्याबरोबर कामगारांसाठी गाव वसवलं, तेव्हा माणसांचा खर्च हिशोबात धरलाच होता ना?

मर्यादा केंद्र सरकार ठरवतं. खासदार गावात आले की रस्त्याच्या निवेदनासोबत हेही द्या. आणि युनियनवाल्यांनो, पुढच्या करारावर सही करण्याआधी दोन गोष्टी लेखी मागा: आईबाप पॉलिसीत राहणार का, आणि को-पे किती.