जागा पारखायची तर नीट पारखा

परदेशी विद्यापीठं आपली पोरं सेमिस्टरभर भारतात पाठवण्याआधी जागा पारखतात. यादी ठरलेली.. विमानतळ किती लांब, हॉस्पिटल कसं, नेट चालतं का, इंग्रजी कोणाला येतं. ह्या यादीत पुणं पास आणि मेहकर तालुक्यातलं हिवरा आश्रम नापास. विषय संपला!

मी म्हणतो, यादीच नापास करा. पहिला प्रश्न हवा, "इथे शिकवणार कोण?"

शुकदास महाराजांनी उभारलेल्या इथल्या विवेकानंद आश्रमात दरवर्षी विवेकानंद जयंतीचा उत्सव होतो. लाखाच्या वर माणसं पंगतीला बसतात आणि पुरी-वांग्याची भाजी चक्क ट्रॅक्टरमधून वाढतात. वाढणारे सगळे स्वयंसेवक. सप्लाय चेन ह्याहून चांगली कुठे शिकाल? भूगर्भशास्त्र हवं तर लोणारचं उल्काविवर ह्याच जिल्ह्यात आहे.

"खेड्यात नाही हो जमत," म्हणणाऱ्यांनी जामखेड बघावं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली तिथे आरोग्य प्रकल्प सुरू केला. आज देशोदेशीचे विद्यार्थी तिथे येतात आणि शाळा फारशी न पाहिलेल्या गावातल्या बायका त्यांना सार्वजनिक आरोग्य शिकवतात!

पण मग गावानेही पाहुण्यांना पारखावं. आधी कामापुरतं मराठी शिका. जे लिहाल ते मराठीत गावाला वाचून दाखवा. आणि तुमची दहा पोरं आली तर आमची निदान दोन तिकडे न्या, तुमच्या खर्चाने.

हे मान्य नसेल तर त्याला अभ्यासक्रम म्हणू नका राव, सहल म्हणा.