अहवाल मिळाला, हातांचे काय?

रक्त-लघवीचा अहवाल वेळेवर मिळाला आणि त्यातील आकडे विश्वासार्ह असले, की रुग्ण व त्याचे आप्त समाधान पावतात. ते स्वाभाविकच आहे. परंतु तो अहवाल ज्या खोलीत सिद्ध होतो तेथे काय काय हाताळले जाते, याची कल्पना फार थोड्यांना असते. डी.एम.एल.टी. होऊन तुटपुंज्या वेतनावर राबणारी, बहुधा मध्यमवर्गीय घरांतली मुले-मुली मात्र त्याच खोलीत दिवस काढतात.

शस्त्रक्रियेत काढलेला ऊतीचा तुकडा टिकविण्यासाठी फॉर्मलिन लागते. त्यातील फॉर्मल्डिहाइड माणसात कर्करोग घडविते, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली दिला. हवा बाहेर ओढून नेणारी सोय नसलेल्या बंद खोलीत पंखा लावून ही बरणी उघडली, तर वाफ जात नाही, सर्वांना सारखी वाटली जाते! क्षयाचे जंतू पाहण्याच्या रंजनात फिनॉल व सल्फ्युरिक आम्ल येते. क्रिएटिनिनच्या प्रचलित चाचणीत पिक्रिक आम्ल असते. ते ओले असेपर्यंत शांत, पण झाकणाशी सुकून बसलेले त्याचे स्फटिक घर्षणानेही स्फोट घडवू शकतात. हिमोग्लोबिन मोजण्याच्या ड्रॅबकिन द्रावणात सायनाइड असते. त्यात आम्ल मिसळले तर प्राणघातक वायू सुटतो, आणि मोरी तर दोघांसाठी एकच! अनेक तयार द्रावणांत परिरक्षक म्हणून सोडियम अझाइड असते. ते भरपूर पाणी न सोडता ओतत राहिल्यास तांब्या-शिशाच्या नळात स्फोटक संयुगे साचतात. दंड भोगतो तो काही वर्षांनी नळ दुरुस्त करायला आलेला प्लंबर.

कायदे नाहीत असे नाही. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण, कावीळ-ब व धनुर्वाताची लस, वर्षातून एकदा आरोग्यतपासणी बंधनकारक केली. पण त्यांची दृष्टी मुख्यतः दाराबाहेर जाणाऱ्या कचऱ्यावर आणि जंतुसंसर्गावर आहे. अहवालावर सही कोणाची असावी, याचा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये केला. तोही रुग्णाच्या हितासाठी, आणि योग्यच. भोपाळच्या १९८४ च्या दुर्घटनेनंतर धोकादायक रसायनांचे जे नियम आले, ते मोठ्या साठ्यांसाठी. व्यावसायिक सुरक्षेची २०२० ची संहिता सर्वसाधारणपणे दहा वा अधिक कामगारांच्या आस्थापनेला लागू होते. गल्लीतल्या लॅबमध्ये चौघेच असतात. संसदेने २०१० साली केलेला चिकित्सालयीन आस्थापना कायदा महाराष्ट्राने स्वीकारला नाही. वैद्यकीय प्रयोगशाळांच्या सुरक्षिततेसाठी आयएसओ १५१९० हे स्वतंत्र मानक आहे, पण एनएबीएलचे प्रमाणन ऐच्छिक. म्हणजे नमुन्याची काळजी झाली, कचऱ्याची झाली. बाटली धरणारा हात मात्र प्रत्येक कायद्याच्या कडेवरच राहिला.

खर्च परवडत नाही, ही लहान चालकांची तक्रार पूर्णतः खोटी नाही. वायुवीजनाच्या कपाटाला पैसे पडतातच. परंतु बाटलीवर नाव, तारीख व धोक्याची सूचना लिहायला काय लागते? आम्ल पाण्यात ओतावे, पाणी आम्लात नव्हे. डोळ्यात थेंब उडाला तर वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धरावे. शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत रसायन भरू नये. ज्या फ्रिजमध्ये द्रावणे त्यात डबा ठेवू नये. यात पैशाचा प्रश्न कोठे येतो? प्रश्न आहे तो नव्या मुलाला पहिल्या दिवशी तासभर बसवून हे सांगण्याचा.

अल्प दरात तपासण्या करणाऱ्या सेवाभावी संस्थांवर हे उत्तरदायित्व अधिकच येते. तेथे दर कमी असतो, तो कर्मचाऱ्याच्या फुप्फुसातून वसूल होता कामा नये. अशा संस्थांच्या विश्वस्तांनी पुढील बैठकीत हिशेबाच्या वहीबरोबर रसायनांची नोंदवहीही मागवावी, आणि फॉर्मलिनची बरणी नेमकी कोणत्या खोलीत उघडली जाते, हे स्वतः आत जाऊन पाहावे.