स्त्रीच्या देहाचा मालक कोण?

तारापूरचा किल्ला १७३९ साली चिमाजी आप्पांनी पोर्तुगीजांकडून जिंकला. धनी बदलले; दासी दासीच राहिली. पोर्तुगीज गुलाम बाळगीत, आणि पेशवाईतही कुणबिणी व बटकी यांची खरेदी-विक्री चाले.

पेशवाईत व्यभिचाराचा ठपका आलेल्या कित्येक स्त्रियांना सरकार कुणबीण करी. पुरुष मात्र पुष्कळदा दंड भरून वा प्रायश्चित्त घेऊन मोकळा होई. एकाच कृत्याला हे दोन न्याय का? स्त्री ही बाप, नवरा वा मुलगा यांच्या ताब्यातच असावी, हा मनुस्मृतीचा दंडक होता म्हणून. शीलाचे रक्षण हे केवळ निमित्त. रक्षण होत होते ते मालकीचे. नाहीतर दासीच्या देहावर धन्याने हक्क सांगितला, तेव्हा कोणाचा धर्म कसा बुडाला नाही?

१८४३ च्या कायद्याने गुलामगिरीची मान्यता गेली. मालकीची भावना गेली नाही. १८६० च्या दंडसंहितेतील कलम ४९७ प्रमाणे नवऱ्याची संमती असली की व्यभिचार गुन्हाच ठरत नसे! सर्वोच्च न्यायालयाने ते कलम २०१८ साली रद्द केले.

बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडास मनुस्मृती जाळण्यात आली. आपल्या घरात ती उरली आहे काय, हे आपणच तपासावे. मुलीवर पहारा आणि मुलाला मोकळीक असेल, तर ती खचित उरली आहे. तिसरे शील स्त्री-पुरुष दोघांनाही सारखेच बांधते. ते आधी मुलाला शिकवा.