पोत्यावरचे आकडे वाचायला शिकू या



परवा ऊस नोंदीच्या निमित्ताने आमच्याच गटातील एका सभासदाच्या घरी गेलो होतो. सोप्यात काचेची पेटी, तीत मासे आणि पाण्यात वाढणारी हिरवीगार झाडे. घरचा नातू लहान काट्यावर ग्रॅममध्ये पालाश मोजत होता. आम्ही विचारले, "अरे, एवढ्याशा पाण्याला मोजमाप कशाला?" पोरगा म्हणाला, "काका, माशांच्या विष्ठेतून नत्र आणि स्फुरद मिळतंच. कमी पडतंय ते पालाश आणि लोह. जे कमी तेवढंच द्यायचं. उगीच सगळं ओतलं की पाण्यात शेवाळ माजतं."

आबा शेजारी बसून हसत होते. म्हणाले, "आणि आम्ही काय करतो? ऊस पिवळा दिसला की टाक युरिया!"

हसण्यावारी नेण्यासारखे हे बोलणे नाही. आपल्यापैकी बहुतेकांचा खताचा हिशोब अजून पोत्यांतच चालतो. शेजाऱ्याने एकरी आठ टाकली तर आपण नऊ टाकायची. पोत्यात काय आहे हे मात्र कोणी वाचत नाही.

वनस्पतीला जगायला सतरा मूलद्रव्ये लागतात. त्यांपैकी कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन ही तीन हवा-पाण्यातून मिळतात, बाकीची जमिनीतून. पेटीतले झाड असो की शेतातला ऊस, यादी एकच. यांतले जे सर्वांत कमी, त्यावर वाढ अडते. जर्मन शास्त्रज्ञ लीबिग यांनी एकोणिसाव्या शतकातच हा नियम लोकांपुढे मांडला. बादलीची एक फळी आखूड असली तर बाकीच्या कितीही उंच करा, पाणी त्या आखूड फळीवरूनच सांडणार. पालाश कमी असताना युरिया वाढवणे म्हणजे उंच फळी आणखी उंच करणे होय.

कमतरता कशाची, हे पीक स्वतः सांगते. जुनी, खालची पाने आधी पिवळी पडली तर नत्राची शंका घ्यावी. जुन्या पानांच्या कडा आणि शेंडे करपले तर पालाशाची. पण कोवळी पानेच पिवळी-पांढरी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या, तर तो आपण म्हणतो तो केवडा, म्हणजे लोहाची कमतरता. चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही पिकाला उचलता येत नाही. तिथे युरियाचे पोते फोडून काय उपयोग? एकरी दहा किलो हिराकस चांगल्या कुजलेल्या शेणखतात मुरवून द्यावे, हा खरा उपाय.

आता पोत्यावरचे आकडे. युरियात नत्र ४६ टक्के. पोते २०१८ पासून ४५ किलोचे झाले, म्हणजे एका पोत्यात नत्र २०.७ किलो. १०:२६:२६ च्या पन्नास किलोच्या पोत्यात नत्र ५, स्फुरद १३ आणि पालाश १३ किलो. सुरू उसाला राहुरीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी २५०:११५:११५ किलोची, म्हणजे एकरी नत्र १००, स्फुरद ४६, पालाश ४६. हिशोब मांडा. साडेतीन पोती १०:२६:२६ घेतले की स्फुरद-पालाश जवळपास पूर्ण होते आणि साडेसतरा किलो नत्रही मिळते. उरलेल्या नत्राला युरियाची चार पोती पुरतात.

तीही एकदम नाही. मिश्रखत निम्मे लागणीला, निम्मे मोठ्या बांधणीला. युरिया सहा ते आठ आठवड्यांनी दोन पोती, बारा ते सोळा आठवड्यांनी अर्धे, मोठ्या बांधणीला दीड. को ८६०३२ जातीला पाव हिस्सा जास्त धरावा आणि माती परीक्षणाप्रमाणे कमी-जास्त करावे. याउपर टाकलेले पोते कोणासाठी?

काचेच्या पेटीत जास्तीचे खत चार दिवसांत शेवाळ होऊन डोळ्यांसमोर येते. शेतात ते दिसत नाही, एवढाच फरक. जास्तीचे नत्र पाटपाण्याबरोबर खाली मुरते आणि विहिरीत उतरते. तेच पाणी आपली लेकरे पितात. उशिरा दिलेल्या जादा नत्राने ऊस लोळतो, पक्वता लांबते, रसातली साखर घटते आणि उतारा सगळ्यांचाच पडतो. साखर पानातून कांडीत उतरवायला मदत करतो तो पालाश, आणि हात आखडतो तो नेमका त्याच्यावरच.

दोष एकट्या शेतकऱ्याचा नाही, हेही आम्ही स्पष्ट सांगतो. २०१० साली सरकारने अन्नद्रव्यांवर आधारित अनुदान आणले, पण युरिया त्यातून वगळला. युरिया स्वस्त राहिला, बाकीची खते महागली. स्वस्ताकडे हात जाणारच. शिवाय खते उधारीवर मिळतात आणि पैसे उसाच्या बिलातून कापले जातात. त्यामुळे पोते उचलताना खिसा जाणवत नाही. बिल हाती आले की मग कपाळाला हात!

म्हणून आमचे मत असे की, खत उचलीच्या पावतीबरोबर माती परीक्षणाचा अहवाल जोडण्याची पद्धत कारखान्याने सुरू करावी. पावतीवर पोत्यांच्या संख्येसोबत नत्र, स्फुरद, पालाश किती किलो गेले तेही छापावे. गटाच्या शेती मदतनिसाने तो कागद सभासदाला बांधावर वाचून दाखवावा. यात फार मोठा खर्च नाही. लागते ती इच्छा.

आणि सभासदांनीही येत्या लागणीपूर्वी एवढे करावे. शेताच्या चार-सहा ठिकाणची माती काढून, एकत्र करून तपासायला द्यावी. घरात शाळा शिकणारे पोर असेल तर पोत्यावरचे आकडे त्याच्याकडून वाचून घ्यावेत. त्यात कमीपणा कसला? परवा आम्हीही एका पोराकडूनच शिकून आलो.