पक्षी पाहावयास जाताना

येत्या हिवाळ्यात अनगोळच्या आम्हा काही स्नेह्यांचा थरच्या वाळवंटात पक्षिनिरीक्षणासाठी जाण्याचा बेत ठरत आहे. बेत म्हटला की तिकिटे, मुक्काम आणि शिदोरी यांचाच विचार प्रथम होतो. आमच्या मते अशा प्रवासाच्या आखणीत पहिला प्रश्न निराळाच हवा. ज्यांच्या मुलखात आपण जाणार, त्यांना आपल्या जाण्याने काय सोसावे लागेल?

"वाळवंटात पाहावयाचे ते काय? तेथे तर काहीच नाही," असे पुष्कळांनी आम्हांस ऐकविले. बेळगावचा पावसाळा अंगवळणी पडलेल्यांस तसे वाटणे स्वाभाविक आहे; परंतु या समजुतीने मोठी हानी केली आहे. झाडे नाहीत ती जमीन ओसाड, असे आपण ठरवून टाकले, आणि अशाच उघड्या माळावर ज्याचा संसार तो माळढोक निराधार झाला. राजस्थानात त्याला गोडावण म्हणतात, कन्नडात एरेभूत. त्याला राष्ट्रीय पक्ष्याचा मान मिळावा, असे डॉ. सालिम अली यांचे मत होते. १९६३ साली तो मान मोराला मिळाला. रानात मोकळे फिरणारे माळढोक आज दीडशेही उरले नसावेत, असा जाणकारांचा अंदाज आहे.

यास्तव आमचा पहिला मुक्काम जैसलमेरला नव्हे, तर सोलापूरजवळच्या नान्नजला असावा, असा आमचा आग्रह आहे. माळढोकासाठी १९७९ साली सोलापूर व तत्कालीन अहमदनगर या जिल्ह्यांत अभयारण्य स्थापन झाले. त्याचा विस्तार सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटर होता. त्यात गावेच्या गावे आली, जमिनीच्या व्यवहारांवर बंधने पडली आणि लोकांच्या मनात अढी बसली. पुढे हे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरांवर आले. परंतु तोवर माळढोकही दुर्मिळ झाला होता. आता तेथे एखादा दिसला तर दिसतो. तरीही तो माळ पाहावा. जे गमावले ते पाहिल्यावाचून जे उरले त्याचे मोल कळत नाही.

याच्या उलट दाखला फलोदीजवळच्या खीचन गावाचा. मंगोलिया व मध्य आशियाकडून येणाऱ्या हजारो कुरजा, म्हणजे लहान जातीचे क्रौंच, दर हिवाळ्यात तेथे उतरतात. ग्रामस्थ कित्येक वर्षे त्यांना नित्यनेमाने दाणे घालीत आले आहेत. २०२५ साली या गावाच्या पाणथळ जागेचा समावेश जागतिक महत्त्वाच्या रामसर यादीत झाला. लोक पक्ष्याला आपला मानू लागले म्हणजे काय घडते, हे तेथे पाहावयास मिळते.

खरा मतभेद झाला तो जैसलमेरच्या मुक्कामावरून. एवढे दीड हजार किलोमीटरांहून अधिक जावयाचे, तर माळढोकाचे छायाचित्र मिळालेच पाहिजे, असे काहींचे म्हणणे. त्यासाठी गाडी थेट माळात घालण्याचीही त्यांची तयारी. आम्हांस हे मान्य नाही. माळढोकाची मादी बहुधा एका विणीत एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. विणीचा काळ मुख्यतः पावसाळ्यात येतो, म्हणूनच आम्ही हिवाळा निवडला. मात्र पक्ष्याला दबकून पळावयास लावणे हिवाळ्यातही गैरच. रस्ता सोडू नये, वाटाड्याचे ऐकावे, आणि पक्षी न दिसल्यास समाधानाने परतावे.

आणखी एक संकट विजेच्या तारांचे. या जड पक्ष्याला समोरचे नीट दिसत नाही; उडताना तो तारांवर आदळतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला. सौर विजेची निकड ध्यानी घेऊन २०२४ साली त्यात बदल केला. वीज आपणांसही हवी आहे, त्यामुळे येथे कोणा एकास दोष देऊन सुटता येत नाही. सम येथील केंद्रात २०१९ पासून माळढोकांची पिले वाढविली जात आहेत. पण उद्या ती सोडावयाची कोठे? त्यासाठी मोकळा माळ राखावाच लागेल.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी प्रत्येकास राजस्थानला जाणे परवडेल असे नाही, आणि त्याची आवश्यकताही नाही. टिटवीदेखील उघड्या जमिनीवरच अंडी घालते. सुगीनंतर आपल्या शिवारात एक वही घेऊन जा; कोणता पक्षी, कोठे, किती वाजता, एवढेच रोज टिपून ठेवा. टिटवी ओरडू लागली तर चार पावले मागे सरा. पक्ष्यासाठी मागे सरावयास जो आपल्या गावी शिकला, तोच वाळवंटात जावयास पात्र झाला, असे आम्ही समजतो.