हौस आणि हिशेब

जुहूच्या चौपाटीवर मालकाच्या पायांत घोटाळणारे कुत्र्याचे पिल्लू पाहून मुलाने घरी हट्ट धरावा, हे स्वाभाविकच आहे. परंतु त्यानंतरच्या तीन-चार महिन्यांचा हिशेब मांडण्याची तसदी क्वचितच कोणी घेतो. पिल्लासाठी रात्रीतून दोन-तीनदा उठावे लागते. दुधाचे दात पडेपर्यंत चपला, चादरी आणि बोटे यांची धडगत नसते. लसींची मालिका पुरी होईपर्यंत, म्हणजे सुमारे १६ आठवड्यांचे होईतो, त्याला चौपाटीवर नेणेही धोक्याचेच. हा सारा भार हट्ट धरणाऱ्यावर नव्हे, बहुधा गृहिणीवर वा मोलकरणीवर पडतो.

आठ आठवड्यांखालील पिल्लू विकण्यास २०१७च्या नियमांनी बंदी घातली. घेणाऱ्याच्या तयारीची परीक्षा मात्र कोणताच नियम घेत नाही. कंटाळून त्याला उपासमारीच्या तोंडी सोडून देणाऱ्यास १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यान्वये पहिल्या गुन्ह्याला दंड किती, तर अवघा १० ते ५० रुपये! तेव्हा ही परीक्षा घरातच व्हावयास हवी. रात्री कोण उठणार, हे ठरल्याखेरीज पिल्लू उंबरठ्याच्या आत आणू नये. शिणवटा काही महिन्यांचा असतो. सोबत दहा-बारा वर्षांची असते.