घाटीवरचा आमचा राग विक्रीला नाही



‘सरकारनं दवाखाने चालवूच नयेत, ते त्याचं काम नाही,’ असं हल्ली आपल्या छत्रपती संभाजीनगरात उघड बोललं जातं. सरकारी घाटी रुग्णालयाच्या व्हरांड्यात सतरंजी टाकून रात्र काढलेला माणूस असं म्हणतो, तेव्हा त्याच्याशी वाद घालायची आमची छाती होत नाही. त्यानं सोसलंय. पण हेच वाक्य सल्लागारांच्या अहवालात आणि मंत्रालयातल्या बैठकीत उच्चारलं जातं, तेव्हा त्या माणसाचा राग पुढं करून त्याचाच दवाखाना दुसऱ्याच्या हाती देण्याची तयारी चाललेली असते. या पत्रकाचा विरोध त्या तयारीला आहे.

राग खरा आहे, हे आधी सांगतो. पेशंट स्ट्रेचरवर असतो आणि नातेवाइकाच्या हातात चिठ्ठी पडते, ‘हे बाहेरून आणा.’ सलाईनचा सेट बाहेरून, इंजेक्शन बाहेरून, कधी हातमोजेसुद्धा बाहेरून. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ माणसं दगावली. त्यातली १२ नवजात बाळं होती. पाठोपाठ आपल्या घाटीत एका दिवसात १८ मृत्यू झाल्याच्या बातम्या आल्या. मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. त्या बाळांच्या आयांना कोणतं स्पष्टीकरण पुरणार आहे?

पण त्या दिवसांत नांदेडच्या प्रशासनानं जे सांगितलं, ते नीट ऐकायला हवं होतं. अनेक रुग्ण खासगी दवाखान्यांतून शेवटच्या अवस्थेत आमच्याकडं पाठवले गेले, असं ते म्हणालं. त्यानं सरकारची जबाबदारी तसूभरही कमी होत नाही. मात्र मराठवाड्यातल्या प्रत्येक घराला हा रस्ता ठाऊक आहे. आधी तालुक्याचं खासगी नर्सिंग होम, मग शहरातलं मोठं हॉस्पिटल, मग दागिने, मग बैलजोडी, मग एकरभर रान. पैसा संपला की ‘घाटीला घेऊन जा’. भोकरदन, सिल्लोड, गेवराई, सिंदखेडराजा, वैजापूर, सगळीकडून ॲम्ब्युलन्स शेवटी याच फाटकातून आत येते. हे फाटक उद्या एखाद्या कंपनीचं झालं, तर तिथून पुढं रेफर कुठं करणार?

घाटी, म्हणजे आपलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, १९५६ साली सुरू झालं. मंजूर खाटा ११७७. आत शिरून पाहा, एकेका वॉर्डात दोन खाटांच्या मध्ये जमिनीवर गाद्या दिसतील. डॉक्टर, परिचारिका, वॉर्डातले मामा-मावशी यांची पदं मात्र खाटांच्या हिशेबानं मंजूर होतात आणि तीही पूर्ण भरत नाहीत. केंद्राच्या योजनेतून सुपर स्पेशालिटीची इमारत उभी राहिली. कोविडच्या लाटेत तिनं किती जीव धरून ठेवले, हे या शहरानं पाहिलंय. पण नुसत्या भिंतींनी हृदयाची शस्त्रक्रिया होत नाही. भूलतज्ज्ञ लागतो, परफ्युजनिस्ट लागतो, रात्रपाळीची सिस्टर लागते. माणसं नेमायची नाहीत आणि मग ‘बघा, सरकारला चालवता येत नाही’ म्हणायचं, ही लबाडी आहे.

औषधांचंही तेच. २०१७ मध्ये राज्यभराची खरेदी हाफकिनच्या महामंडळाकडं गेली. पुढची काही वर्षं मागण्या, निविदा आणि थकबाकी यांच्या घोळात फार्मसीची कपाटं रिकामी राहिली. २०२३ मध्ये वैद्यकीय वस्तू खरेदीसाठी स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा आला. म्हणजे औषध का मिळत नाही, याचं उत्तर सरकारला माहीत होतं. खरेदीची व्यवस्था त्यानंच मोडली होती. ती दुरुस्त करणं त्याच्याच हाती होतं आणि आहे. राष्ट्रीय आरोग्य धोरण २०१७ मध्ये लिहिलंय की राज्यांनी आपल्या अंदाजपत्रकाचा आठ टक्क्यांहून जास्त वाटा आरोग्याला द्यावा. देशातलं श्रीमंत राज्य म्हणवणारा महाराष्ट्र त्या आकड्याच्या जवळपासही नाही.

आता ‘पीपीपी’कडं, म्हणजे सरकारी-खासगी भागीदारीकडं येऊ. नीती आयोगानं २०२० च्या सुरुवातीला मसुदा काढला : खासगी संस्थेनं वैद्यकीय महाविद्यालय काढावं आणि त्यासाठी जिल्हा रुग्णालय तिच्याकडं ६० वर्षांसाठी सोपवावं. खाटांचे दोन प्रकार करावेत, काही ‘नियंत्रित’ आणि काही ‘बाजारभावाच्या’. सरकारी दवाखान्यात बाजारभावाची खाट! साठ वर्षं म्हणजे आज जन्मलेलं पोर आजोबा होईपर्यंत.

हे प्रयोग याआधी झालेत, त्यांचं काय झालं ते विचारा. दिल्लीत सरकारनं १५ एकर जमीन एक रुपया नाममात्र भाड्यानं दिली आणि इंद्रप्रस्थ अपोलो उभं राहिलं. अट होती की एकतृतीयांश खाटा गरिबांना मोफत. २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाला अट पाळली गेली नाही म्हणून आदेश द्यावा लागला. मुंबईत मरोळला महापालिकेच्या जमिनीवर सेव्हन हिल्स झालं. १५०० खाटांची स्वप्नं होती आणि वीस टक्के खाटा महापालिकेच्या रुग्णांसाठी होत्या. करार मोडला, कंपनी दिवाळखोरीच्या कज्ज्यात अडकली. पुढं कोविडात ती इमारत महापालिकेलाच चालवावी लागली. रायचूरचं उदाहरण तर आपल्या जवळचं आहे, कारण १९५६ पर्यंत रायचूर आणि आपण एकाच हैदराबाद राज्यात होतो. तिथलं साडेतीनशे खाटांचं राजीव गांधी सुपर स्पेशालिटी रुग्णालय बांधलं सार्वजनिक पैशानं आणि चालवायला दिलं अपोलोला. २०१२ मध्ये करार संपला आणि ते सरकारकडं परत आलं. छप्पर गळतं म्हणून घर सावकाराच्या नावावर करून द्यायचं, असला हा व्यवहार आहे.

‘पण आता कार्ड आहे की!’ असं काही जण सांगतील. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेला आमचा विरोध नाही. तिच्यामुळं अनेकांचं डायलिसिस झालंय, अनेकांच्या शस्त्रक्रिया झाल्यात. पण कार्ड चालतं ते यादीतल्या उपचाराला आणि यादीतल्या दवाखान्यात. महिनोनमहिने घ्यायची शुगर-बीपीची गोळी, तापानं फणफणलेलं पोर, पंधरा दिवसांचा खोकला, बाळाची लस, बांधावर चावलेलं कुत्रं, यासाठी सकाळी उघडी असलेली सरकारी ओपीडी लागते. आणि दवाखानाच उरला नाही तर ‘खाट शिल्लक नाही’ म्हणणाऱ्या काउंटरपुढं कार्ड धरून उभं राहण्यापलीकडं आपल्या हातात काय राहतं?

सरकार ऐकत नाही, असं मानून गप्प बसू नका. ६ सप्टेंबर २०२३ चा शासन निर्णय आठवा. नऊ खासगी संस्थांमार्फत सरकारी कामांसाठी कंत्राटी माणसं घ्यायची होती. स्पर्धा परीक्षेची पोरं रस्त्यावर आली, गावोगाव निवेदनं गेली आणि २० ऑक्टोबरला तो रद्द झाल्याचं जाहीर करावं लागलं. दीड महिना लागला, इतकंच.

आमची मागणी साधी आहे. घाटी, चिकलठाण्याचं जिल्हा रुग्णालय, आमखासजवळचं कर्करोग रुग्णालय, यांतला एकही विभाग, एकही मशीन, एकही मजला खासगी चालकाकडं जाता कामा नये. रिक्त पदं कायमस्वरूपी भरा. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले, पण वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं त्यातून वगळली गेली. मराठवाड्याचा सगळ्यात गरीब रुग्ण जिथं पोचतो, तिथंच पावती का फाडायची? फार्मसीच्या खिडकीवर रोज सकाळी फळा लावा, आज कोणती औषधं आहेत आणि कोणती संपली आहेत ते त्यावर लिहा.

आणि तुम्ही एवढं करा. ‘बाहेरून आणा’ची प्रत्येक चिठ्ठी जपून ठेवा, तिच्यावर तारीख घाला, मेडिकलचं बिल तिला टाचा आणि त्याची प्रत अधिष्ठाता कार्यालयात देऊन पोच घ्या. वॉर्डातल्या सिस्टरशी भांडू नका. चाळीस पेशंट एकटीनं सांभाळणारी ती बाई या लढ्यात आपल्याच बाजूची आहे. धर्मादाय रुग्णालयात गेलात तर दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बलांसाठी सवलतीत राखलेल्या असतात, त्या मागून घ्या. तो आपला कायदेशीर हक्क आहे. येत्या ग्रामसभेत, मग ती पैठणच्या गावात असो की कन्नडच्या, ‘घाटीचं खासगीकरण नको’ असा ठराव मांडा आणि त्याची प्रत जिल्हाधिकाऱ्यांना व आपल्या आमदारांना पाठवा. आमदारांना त्यावर लेखी उत्तर मागा, आणि ते येईपर्यंत त्यांच्या प्रत्येक सभेत हाच प्रश्न उभं राहून विचारा.

— घाटीत उपचार घेणारे आणि घाटी आपली मानणारे नागरिक, छत्रपती संभाजीनगर

(वाचून झाल्यावर पत्रक शेजारच्याला द्या.)